सातवा सोबती

नाशकाहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे निघालें म्हणजे थोड्याच मैलांवर एकलहरें हें गांव लागतें. १९७० च्या सुमारास येथें औष्णिक वीजकेंद्र उभें राहिलें, आणि तेव्हांपासून या गांवाचें नांव निघतांच लोकांना देवळाची किंवा नदीची नव्हे, तर उंच धुराड्यांची आठवण होते. भोंवतालचा मुलूख सपाट. नदीच्या कांठानें ऊंस आणि द्राक्षांचे मळे. डोंगर म्हणावा असा जवळ एकही नाहीं. तो पाहिजे असल्यास पश्चिमेकडे क्षितिजावर नजर टाकावी लागते. हिंवाळ्यांत हवा निवळली कीं त्या बाजूस नाशकाभोंवतालच्या डोंगरांच्या निळ्या आकृति उमटतात, आणि सूर्य त्यांच्या आड जाईपर्यंत हातांतलें पुस्तक बाजूस ठेवून पाहत बसावें असें वाटतें.

माझ्या घरीं दोन कुत्रीं आहेत. एकाचें नांव मोती. हा तेरा वर्षांपूर्वीं पावसांत भिजत दाराशीं आला आणि कोणाचीही परवानगी न घेतां राहिला. दुसरी काळी, तिचें नांव मीं मुद्दाम ठेवलेलें आहे आणि त्याचें कारण पुढें येईल. दोन्हीं गांवठी. मोतीस आतां पायऱ्या चढवत नाहींत. तरीही डिसेंबर-जानेवारींत महिन्यांतून एक-दोनदां मी या दोघांस मोटारींत घालून त्रिरश्मीच्या डोंगरापाशीं नेतों आणि दिवस मावळतांना पायथ्याच्या वाटेनें थोडेंसें हिंडवून आणतों. लेण्यांत कुत्रीं नेणें मला प्रशस्त वाटत नाहीं. शिवाय संरक्षित वास्तूचें दार सूर्यास्ताबरोबर बंद होतें. त्यामुळें आमचें फिरणें अर्ध्या-पाऊण तासाचें. हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कलून मावळतो आणि लेणीं तर डोंगराच्या उत्तर अंगास. म्हणून समोरच्या शेतांवर ऊन असतांनाच या अंगावर सांज उतरलेली असते. शहरांत अजून दिवस आणि येथें संध्याकाळ, असा तो चमत्कारिक वेळ असतो.

मागल्या हिंवाळ्यांत भाचीची सहा वर्षांची मुलगी बरोबर होती. दिवसाउजेडीं तिला वरचीं लेणीं दाखवून आणलीं होतीं. खालीं उतरल्यावर ती मोतीच्या गळ्यांत हात घालून बसली आणि तिनें मला विचारलें, "आजोबा, पांडवांच्या कुत्र्याची खोली कोणती?"

मीं हंसून वेळ मारून नेली. तीस वर्षें महाविद्यालयांत इतिहास शिकविलेल्या मनुष्यापाशीं या प्रश्नाचें एक तयार उत्तर असतें: या लेण्यांचा पांडवांशीं कांहींएक संबंध नाहीं, तीं बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेलीं आहेत, 'पांडवलेणी' हें नांव लोकांनीं मागाहून ठेवलें. हें उत्तर मीं किती विद्यार्थ्यांना दिलें असेल, त्याची गणती नाहीं. तें खरेंही आहे. पण त्या मुलीचा प्रश्न मीं जितका टाळला तितका तो पाठीस लागला, आणि त्याच्या निमित्तानें जें वाचलें आणि आठवलें, तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें.

प्रथम या डोंगराचें स्वतःचें म्हणणें काय आहे तें ऐकलें पाहिजे, कारण आपली साक्ष आपल्याच अंगावर कोरून ठेवणारे डोंगर थोडे. लेखांत त्याचें नांव 'तिरण्हु' असें येतें. त्याचेंच संस्कृत रूप त्रिरश्मि. सर्वांत जुनें लेणें एकोणिसावें. तें सातवाहन कुलांतील कन्ह म्हणजे कृष्ण राजाच्या कारकीर्दींत, श्रमणांच्या कारभारावर नेमलेल्या नाशकांतील एका महामात्रानें करविलें. दहाव्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात बोलतो. हा शकांचा जांवई मोठा दानशूर! तीन लक्ष गाई दिल्या, प्रभासास ब्राह्मणांच्या मुलींचीं लग्नें लावून दिलीं, तापी, दमणा, डाहणुका इत्यादि नद्यांवर उतारूंसाठीं फुकट नावा ठेविल्या, असें तो स्वतःच सांगतो. पण मला त्याच्या लेखांतील खरी मौज वाटते ती व्याजाच्या हिशेबाची. त्यानें भिक्षुसंघासाठीं ३,००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेविले. २,००० एका श्रेणीकडे दरमहा दरशेंकडा एक या दरानें, आणि १,००० दुसरीकडे पाऊण टक्क्यानें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून पावसाळ्यांत येथें राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं मिळावयाचे. वाचकांनीं हिशेब करून पाहावा: २,००० वर शेंकडा एक म्हणजे महिन्यास वीस, वर्षास २४०, आणि वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे तेही २४०. दमडीचा फरक नाहीं! सुमारें अठराशें-एकोणीसशें वर्षांपूर्वींचा हा जमाखर्च आजही जमतो.

पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षहरातांचा उच्छेद केला आणि तिसऱ्या लेण्यांतील लेखांत त्याची माता गौतमी बलश्री, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षीं, आपल्या पुत्राचें गुणवर्णन कोरवून ठेवती झाली. ज्याच्या वाहनांनीं तीन समुद्रांचें पाणी प्यालें तो हाच राजा. पण त्याच लेण्यांत राजाच्या हुकुमांच्या ज्या नकला आहेत, त्या मला त्या प्रशस्तीहूनही जिवंत वाटतात. अठराव्या वर्षीं राजा गोवर्धनाच्या विष्णुपालित अमात्यास लिहितो कीं, उषवदाताकडे असलेलें कखडी गांवचें २०० निवर्तनें शेत भिक्षूंना द्यावें. चोविसाव्या वर्षीं पुन्हां हुकूम, या वेळीं श्यामक अमात्यास, आणि राजाबरोबर राजमातेच्या नांवानें: पूर्वीं दिलेलें तें शेत कोणी कसत नाहीं, तें गांवही वसत नाहीं, तर नगराच्या सीमेवरील सरकारी शेतांतून १०० निवर्तनें द्यावीं. म्हणजे दान झालें, पण जमीन पडीक! लढाया होऊन गेल्या होत्या आणि गांव ओस पडलें होतें, असा तर्क करावयास हरकत नाहीं. तीन समुद्रांचें पाणी पिणाऱ्या घोड्यांच्या मागें हें एक नांगर न लागलेलें रान दिसतें.

त्या झुंजीचा आणखी एक साक्षीदार एकलहऱ्याहून नदीनें खालीं गेल्यास भेटतो. दारणा जेथें गोदावरीस मिळते, तेथें जोगलटेंभी नांवाचें गांव आहे. १९०६ सालीं तेथें नहपानाच्या रुप्याच्या नाण्यांचा प्रचंड सांठा मिळाला; तेरा हजारांहून अधिक नाणीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. जिंकलेल्या राजाचें नाणें वितळविण्याची तसदी न घेतां त्याच्याच तोंडावर आपलें चिन्ह उमटवावयाचें, ही जेत्याची रीत त्या नाण्यांवर डोळ्यांनीं पाहावयास मिळते. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखालून जुना राजा अजून डोकावत असतो. लोकांच्या स्मृतीचेंही असेंच होतें असें मला वाटतें. त्रिरश्मीवर प्रथम भिक्षूंचा ठसा; भिक्षु गेल्यावर त्याच दगडावर पांडवांचा. फरक एवढाच कीं, हा दुसरा ठसा कोणा राजानें मारलेला नाहीं.

१८७४ सालीं लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं या लेखांवर निबंध लिहिला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजींनीं केलेलें वाचन १८८३ च्या नाशिक गॅझेटियरांत प्रसिद्ध झालें. त्या दिवसापासून पांडवांचा या डोंगरावरील हक्क कागदोपत्रीं संपला. या साऱ्या लेखांत गाई आहेत, वाहनें आहेत, शेतें, नावा, वस्त्रें, नाणीं आहेत. कुत्रें मात्र नाहीं. शिलालेख हा बहुतेक दानाचा कागद. आणि कुत्रें कोण कोणास दान देणार, असें मी म्हणणार होतों.

पण येथें माझी काळी आडवी येते. कर्नाटकांत मंड्या जिल्ह्यांत आतकूर येथें एक वीरगळ सांपडला. तो आतां बेंगळूरच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. शके ८७२, म्हणजे इसवी सन ९४९-५० चा. राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा आणि त्याचा मांडलिक गंगराजा बूतुग यांनीं तक्कोलमच्या लढाईंत चोळ राजपुत्र राजादित्यास मारलें, तें वृत्त या दगडावर आहे. त्या लढाईंत पराक्रम केलेल्या मणलेर नांवाच्या वीरावर बूतुग प्रसन्न झाला आणि मणलेरानें बक्षीस म्हणून गांव किंवा सोनें न घेतां राजाचें 'काळि' नांवाचें शिकारी कुत्रें मागून घेतलें. पुढें बेळतूर गांवाच्या पश्चिमेस असलेल्या टेकडीवर एका मोठ्या रानडुकरावर तें सोडलें असतां कुत्रें आणि डुक्कर दोन्हीं एकमेकांस मारून मेलीं. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ देवळासमोर दगड उभा केला, त्याच्या पूजेसाठीं जमीन लावून दिली आणि पूजा केल्यावांचून जेवणाऱ्या पुजाऱ्यास कुत्र्याचें पाप लागेल असें बजावलें. साम्राज्याच्या एका मोठ्या विजयाचें वर्तमान एका कुत्र्याच्या थडग्यावर कोरलेलें असावें, असें उदाहरण जगांत फारसें नसेल. या राष्ट्रकूटांचा अंमल आपल्या नाशकाच्या मुलखावरही होता. गोविंद तिसऱ्याचा ताम्रपट वणी-दिंडोरीच्या भागांतच मिळालेला आहे. तेव्हां काळि अगदींच परकें म्हणतां येत नाहीं.

आतां पांडवांच्या कुत्र्याकडे येऊं. महाभारत वाचलेल्या पुष्कळांच्या लक्ष्यांत येत नाहीं कीं, हा ग्रंथ कुत्र्यापासून सुरू होतो आणि कुत्र्यापाशींच संपत येतो. आदिपर्वांत जनमेजयाच्या सत्राच्या जागीं सरमेचें पिल्लूं येतें. तें कशास तोंड लावीत नाहीं, हविर्द्रव्याकडे पाहतही नाहीं. तरी जनमेजयाचे भाऊ त्यास मारतात. तें रडत आईकडे जातें. सरमा यज्ञमंडपांत येऊन राजास विचारते, याचा अपराध काय? राजापाशीं उत्तर नाहीं. तेव्हां ती म्हणते कीं, निरपराध्यास मारलेंत, म्हणून न दिसणारें भय तुमच्यावर येईल. मध्यंतरीं पांडव-कौरवांबरोबर रानांत गेलेलें एक कुत्रें एकलव्यावर भुंकतें आणि त्याच्या तोंडांत सात बाण बसतात. त्या बाणांवरूनच पुढें एकलव्याचा अंगठा जातो. आणि शेवटीं महाप्रस्थान. पांच भाऊ, सहावी द्रौपदी आणि सातवें कुत्रें. हें कुत्रें कोणाचें, कोठून आलें, त्याचें नांव काय, याचा व्यासांनीं उल्लेखही केलेला नाहीं. राज्य सोडून निघालेल्या मंडळींच्या मागें तें आपलें चालूं लागलें, एवढेंच.

पुढची कथा सर्वांस ठाऊक आहे. पण तींतील एक युक्तिवाद सहसा सांगितला जात नाहीं. द्रौपदी आणि चारी भाऊ वाटेंत पडले. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्रें सोड; कुत्रें बाळगणारास स्वर्गांत जागा नाहीं. युधिष्ठिर नाहीं म्हणाला. तेव्हां इंद्रानें वर्मावर बोट ठेवलें: भावांना सोडलेंस, द्रौपदीस सोडलेंस, मग कुत्र्याचाच मोह कां? युधिष्ठिर म्हणाला, ते मेल्यावर मीं त्यांस सोडलें, कारण मेलेल्यांना उठविणें माझ्या हातीं नव्हतें. जिवंत असतां सोडलें नाहीं. हें उत्तर मला कोणत्याही तत्त्वज्ञानापेक्षां मोलाचें वाटतें. कारण तें भावनेचें नाहीं, हिशेबाचें आहे. उषवदाताच्या व्याजासारखें चोख. इंग्रजी शिकलेल्या आमच्या पिढीस येथें होमराचा आर्गस आठवतो. वीस वर्षांनीं भिकाऱ्याच्या वेषांत परतलेल्या धन्यास उकिरड्यावर पडलेलें तें म्हातारें कुत्रें ओळखतें आणि प्राण सोडतें. कथा हृदयंगम आहे खरी. पण तेथें कुत्रें धन्यासाठीं थांबलेलें आहे. आमच्याकडे धनी कुत्र्यासाठीं थांबतो, आणि तेंही धनी नसतांना!

आपल्या भाषेनें मात्र या प्राण्याची फार उपेक्षा केली. धोब्याचें कुत्रें, कुत्र्याचें जिणें, कुत्र्याचें शेंपूट. म्हणी उघडाव्या तों लाथच. श्वपच हा शब्द तर माणसांनाच माणुसकींतून हांकलण्यासाठीं योजलेला, आणि तो ज्यांच्या कपाळीं मारला गेला त्यांच्या दुःखापुढें कुत्र्याचें दुःख सांगावयास संकोच वाटतो. पण लोकांची भक्ति म्हणींच्या वाटेनें गेली नाहीं. दत्तापुढें चार कुत्रीं उभीं राहिलीं आणि लोकांनीं त्यांस चार वेद म्हटलें. खंडोबाच्या घोड्यापाशीं कुत्रें आलें आणि त्याचे वाघे एके काळीं देवाच्या दारीं कुत्र्यासारखे भुंकून भिक्षा मागत. कोरडी भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा तर प्रत्येक मराठी घरांत मुलांना सांगितली जाते. पारशी बांधवांनीं तर १८३२ च्या जून महिन्यांत मुंबईंत भटकीं कुत्रीं मारण्याच्या हुकुमाविरुद्ध दंगाच केला. त्यांच्या धर्मांत मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टि पडणें अवश्य मानलें आहे. परलोकाच्या वाटेवर कुत्रें असतें, ही समजूत वेदांतील यमाच्या दोन कुत्र्यांइतकी जुनी दिसते.

आतां इतिहासाच्या उजेडांतील दोन कुत्रीं. त्यांच्यासाठीं हा लेख लिहिण्याचें धाडस करावें कीं न करावें, याचा मीं बराच विचार केला.

पहिलें साताऱ्याच्या शाहू महाराजांचें. शाहू १६८९ त मोगलांच्या हातीं सांपडले तेव्हां सात वर्षांचे होते. सुटले १७०७ त. अठरा वर्षें परक्याच्या छावणींत गेली. पुढें त्यांना शिकारीचा आणि कुत्र्यांचा मोठा नाद लागला. ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत लिहिलें आहे कीं, उत्तर वयांत बुद्धिभ्रंश झाला असतां शाहूंनीं दोन मराठा सरदारांच्या भेटीच्या दरबारांत आपल्या कुत्र्यास जरीचा पोषाख आणि जवाहीर घातलें आणि स्वतःचें पागोटें त्याच्या डोक्यावर ठेविलें. शुद्धीवर आल्यावर पुन्हां कधीं डोक्यास कांहीं घातलें नाहीं. या कुत्र्यानें एकदां वाघाच्या शिकारींत त्यांचा जीव वांचविला होता; त्याबद्दल त्यास जहागीर आणि पालखी यांच्या सनदा दिल्या, आणि राजाची मर्जी म्हणून पालखीचा सरंजाम खरोखरच चालविला गेला. डफसाहेब ही हकीकत वेडाच्या सदराखालीं घालतात. मला तसें वाटत नाहीं. पागोटें घालणें हें वेड असेल. पण जीव वांचविणाऱ्यास पालखी देणें हें मराठी दरबाराच्या रिवाजास धरूनच होतें. ज्या राजाभोंवतीं सनदांसाठीं ताटकळणारे सरदार आयुष्यभर जमले, त्यानें एक सनद कांहींच न मागणाऱ्यास दिली, यांत मला तरी शहाणपणच दिसतें. शाहू १५ डिसेंबर १७४९ रोजीं वारले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीस त्यांची समाधि आहे, आणि तेथेंच खंड्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या कुत्र्याचीही. तेथें जाणारे थोडे.

दुसरें वाघ्या. रायगडावर श्रीशिवछत्रपतींच्या समाधीसमोर उंच चौथऱ्यावर जें कुत्र्याचें शिल्प आहे, तें १९३६ सालीं इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगींतून बसविलें गेलें. महाराजांच्या चितेंत या कुत्र्यानें उडी घेतली अशी कथा; राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकानें ती घरोघर पोंचविली असें मानतात. या कथेस समकालीन कागदांत आधार नाहीं, हें आतां सर्वत्र बोललें जातें, आणि तें बरोबर आहे. १६८० च्या घटनेचा एकही समकालीन लेखक या कुत्र्याचें नांव घेत नाहीं. २०१२ सालीं कांहीं कार्यकर्त्यांनीं तें शिल्प उखडून काढलें आणि तें पुन्हां बसवावें लागलें. २०२५ सालीं तें हलविण्याची मागणी पुन्हां झाली.

वर्गांत हा प्रश्न मला दरवर्षीं येतो, आणि विद्यार्थी दोन तटांत उभे राहून माझ्या तोंडाकडे पाहतात. मी त्यांना सांगतों तें येथेंही सांगतों. वाघ्यास पुरावा नाहीं. म्हणून पाठ्यपुस्तकांत त्यास जागा नाहीं. याबाबत मुरवत चालणार नाहीं. 'लोकभावना' या शब्दानें इतिहासाच्या कागदांतील रिकामी जागा भरतां येत नाहीं. परंतु १९३६ चें शिल्प हाही आतां एक पुरावाच आहे, १६८० चा नव्हे, १९३६ चा. त्या काळच्या मराठी माणसास महाराजांच्या समाधीपाशीं कोणीतरी निष्ठेनें बसलेलें हवें होतें, आणि माणसांत तसें कोणी त्यास खात्रीचें वाटलें नाहीं, हें त्या दगडांतून वाचतां येतें. पहार घेऊन तो दगड काढणारांस मी इतिहासाचे मित्र म्हणणार नाहीं. आणि त्याच्याकडे बोट दाखवून तीच चितेची कथा खरी म्हणून सांगणारांसही नाहीं. तेथें चार ओळींची एक पाटी लावावी: हें शिल्प अमुक सालीं, अमुकांच्या पैशानें, अशा कथेवरून बसविलें, कथेस समकालीन आधार नाहीं. एवढ्यानें कोणाचें समाधान होत नाहीं, हें मला ठाऊक आहे. ज्या कुत्र्याची सनद निघाली त्याच्यासाठीं भांडणारा मात्र मला आजवर एकही भेटलेला नाहीं.

आणि याच न्यायानें मीं स्वतःला तपासूं लागल्यावर माझी थोडी पंचाईत झाली. पांडवलेणी या नांवासही पुरावा नाहीं. तरी तें नांवही कसला तरी पुरावा आहेच. भिक्षूंच्या कोठड्या रिकाम्या पडल्या, ब्राह्मी अक्षरें वाचणारा कोणी उरला नाहीं. तेव्हां कित्येक शतकें या डोंगराखालून जाणाऱ्या शेतकऱ्यांनीं आणि गुराख्यांनीं दगडांतील रिकाम्या खोल्या पाहून मनाशीं विचारलें असेल, घरदार सोडून डोंगरांत येऊन राहणारे असे कोण? त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींत असे लोक एकच होते, वनवासांतले पांडव. उत्तर चुकलें, पण घरदार सोडणारांचीं हीं घरें, हें त्यांनीं ओळखलें होतें. तीस वर्षें मी विद्यार्थ्यांना चूक तेवढी दाखवीत आलों.

या हिंवाळ्यांत पुन्हां गेलों. बरोबर फक्त दोघें. आमच्या फिरण्यांत आतां एक नवी भीति शिरली आहे, ती बिबट्याची. नाशकाच्या आसमंतांत, विशेषतः दारणाकांठच्या ऊंसाच्या गांवांत, २०२० सालीं बिबट्यानें माणसांवरही हल्ले केले. पण त्याचें नित्याचें खाद्य कुत्रें. शास्त्रज्ञांनीं अकोले तालुक्यांत केलेल्या पाहणींत, बिबट्याच्या आहारांत वजनाच्या मानानें सुमारें ३९ टक्के वांटा एकट्या कुत्र्यांचा आढळला. खेड्यांतलें कुत्रें रात्रीं भुंकून गांव राखतें, असें आपण म्हणतों. तें स्वतः दाव्यास येऊन गांव राखतें, असा याचा अर्थ होतो.

सूर्य डोंगराआड गेला होता. वाटेच्या एका वळणावर काळी एकाएकीं थबकली. पाठीवरचे केंस उभे, शेंपूट ताठ, भुंकणें नाहीं. मोती तिच्या मागून हळूहळू येत होता. त्यास ऐकूं कमी येतें. समोर करवंदीची जाळी आणि तींत दाट काळोख. मीं काळीचा पट्टा धरला आणि मोतीस उचलण्यासाठीं वांकलों, तों लक्ष्यांत आलें कीं पंचवीस-तीस शेरांचें तें धूड उचलून पळणें मला शक्य नाहीं. मनांत आलेला विचार लपवीत नाहीं: काळी तरुण आहे, ती आणि मी चटकन् मोटारीपर्यंत जाऊं शकूं. हा विचार एका निमिषाचा असेल. पण इंद्राचा रथ कांहीं स्वर्गाच्या दारींच येतो असें नाहीं.

आम्ही तिघें मोतीच्या चालीनें परत निघालों. मी मोठमोठ्यानें बोलत होतों. काय बोलत होतों तें आठवत नाहीं. जाळींतून कांहीं बाहेर आलें नाहीं. ससा असेल, मुंगूस असेल, नुसता वारा असेल.

पायऱ्यांपाशीं आलों तेव्हां पहारेकरी दार लावून खालीं उतरत होता. "लई उशीर केला सर, आतां या वक्ताला कुत्रीं नका आणूं," असें तो म्हणाला. मीं मान हलविली. त्याच्या बाजूनेंच दोन भटकीं कुत्रीं सावकाश पायऱ्या चढून वर चाललीं होतीं. त्यानें त्यांना हटकलें नाहीं. मीं विचारलें, हीं कोठें निघालीं? "झोपायला," तो म्हणाला. "थंडीचे वरतींच असतात. भिंतीवरून जातात कुठून तरी. आंत उबारा असतो ना."

"कोणत्या लेण्यांत झोपतात?"

तो थोडा वेळ विचार करीत राहिला. मग म्हणाला, "तीन नंबरच्या ओसरींत. तिथं वारा लागत नाहीं."

तें गौतमी बलश्रीचें लेणें. भाचीच्या मुलीस मीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं फोन करून खोलीचा नंबर सांगितला.